खडूच्या जोडीला कॅमेरा
माध्यमिक शाळेतील ध्वनी-चित्रनिर्मितीचे शिक्षण : गरज, स्वरूप आणि अडचणी

अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने २००९ च्या सुमारास अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून एक लघुपट केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या, पण परिस्थितीने त्या वाटेवरून दूर लोटल्या गेलेल्या एका मुलाची ती गोष्ट होती. लघुपटाचे नाव 'पिस्तुल्या' आणि विद्यार्थ्याचे नाव नागराज मंजुळे. पुढे ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'पिस्तुल्या'ला नॉन-फीचर विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर नगरजवळच्या अकोळनेरच्या पार्श्वभूमीवरचा 'फँड्री' आणि २०१६ मध्ये 'सैराट' आला. हा सारा इतिहास मराठी प्रेक्षकाला पाठ आहे.

या यशोगाथेतील एक बाब मात्र सहसा चर्चेत येत नाही. करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या गावातून आलेल्या या तरुणाच्या हाती अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅमेरा आला, तो पदव्युत्तर वर्गात. तोपर्यंत शिक्षणाची सोळा-सतरा वर्षे सरलेली असतात. ग्रामीण भागातील बहुसंख्य मुले त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. दहावीनंतर कोणी शेतीत, कोणी कारखान्यात, कोणी दुकानात जाते; अनेक मुलींचे तर लग्न ठरते. ध्वनी आणि चित्र यांच्या भाषेत बोलण्याचे शिक्षण द्यायचेच असेल, तर ते या मुलांना केव्हा द्यावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच माध्यमिक शाळेपाशी येऊन थांबते. २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या या जिल्ह्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. पण त्याचा विचार करण्यासाठी हा जिल्हा अतिशय योग्य आहे.

अभ्यासक्रमात जागा कोठे?

शालेय शिक्षणात हाताच्या कामाला स्थान देण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवे नाहीत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथून मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा विषय आठवी ते दहावीच्या वर्गांत गेला. वेल्डिंग, वीजजोडणी, रोपवाटिका, रक्तगट तपासणी अशी कामे मुलांनी गावासाठी प्रत्यक्ष करावीत आणि ती करताना शिकावे, हे त्याचे सूत्र. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आला आणि नववी-दहावीत व्यवसाय विषय घेण्याची सोय झाली. राज्यातील या विषयांच्या यादीत शेती, वाहनदुरुस्ती, पर्यटन, सौंदर्यसेवा यांबरोबर माध्यम व मनोरंजन या क्षेत्राचाही समावेश करण्यात आला. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला जनसंचार माध्यमांचा विषय घेता येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दिशेला आणखी बळ दिले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, अशी त्यातील सूचना आहे. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्टही त्या धोरणाने समोर ठेवले होते. म्हणजे कागदावर जागा आहे. त्या जागेत नेमके काय शिकवायचे, हा खरा प्रश्न आहे. संगणकावरचे एखादे सॉफ्टवेअर हाताळणे म्हणजे ध्वनी-चित्रनिर्मिती, अशी समजूत अनेक पालकांची आणि काही शिक्षकांचीही असते. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलते. ऐकण्याची आणि पाहण्याची शिस्त बदलत नाही.

आधी कान, मग डोळा

नवशिक्या मुलांच्या चित्रफितीत बहुधा चित्र बरे असते आणि आवाज वाईट असतो. प्रेक्षक थोडे अंधूक चित्र चालवून घेतो. न कळणारा संवाद मात्र सोडून देतो. त्यामुळे चांगल्या अभ्यासक्रमाची सुरुवात ध्वनीपासून होणे श्रेयस्कर.

ध्वनीचा पहिला धडा अंतराचा. मोकळ्या जागेत बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकचे अंतर दुप्पट केले की माइकपर्यंत पोहोचणारी पातळी सुमारे सहा डेसिबलने घटते. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न मात्र तेवढेच राहतात. महागडा माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवणे का चांगले, हे या एका नियमातून समजते. नववीच्या विज्ञानात शिकविला जाणारा ध्वनीचा पाठ येथे अचानक उपयोगी पडतो.

दुसरा धडा खोलीचा. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वर पत्रे अशा वर्गखोलीत आवाज भिंतींवर आदळून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. त्यावरचा उपाय गावात घरोघरी असतो. तीन बाजूंनी जाड गोधड्या टांगल्या की घुमणारा आवाज बराच शोषला जातो आणि बातमीपत्र वाचण्याइतकी जागा तयार होते. पत्र्यावर पाऊस पडू लागला, तर मात्र थांबणे एवढाच उपाय उरतो.

तिसरा धडा पातळीचा. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. आवाज तिच्यावर गेला की लहरींची टोके कापली जातात आणि तो फाटतो. फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाजही मर्यादेच्या सहा ते बारा डेसिबल खाली राहील, अशी पातळी आधीच लावून घ्यायची असते. मुद्रण संपल्यावर कोणीही न बोलता त्या जागेची अर्धा मिनिट शांतताही मुद्रित करावयाची असते. दोन वाक्यांमधला तुकडा कापला की तेथे मुकी पोकळी जाणवते. ती या शांततेने भरता येते. शांततेलाही प्रत्येक ठिकाणी वेगळा आवाज असतो, हे उमगणे हाच या विषयातील पहिला साक्षात्कार म्हणावा लागेल.

उघड्या रानात संवाद टिपणे किती कौशल्याचे असते, याचे उदाहरण मराठीतच आहे. मेंढपाळ कुटुंबाची कथा सांगणाऱ्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' या चित्रपटाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. वारा, मेंढरे, माणसे यांच्या गर्दीतून शब्द नेमका वेचणाऱ्या महावीर साबन्नवाल यांच्या कामाची ती पावती होती. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलिनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळाले, तेव्हा ध्वनी हे स्वतंत्र करिअर असू शकते, हे अनेक घरांना प्रथमच कळले.

केवळ आवाजातून जग उभे करणाऱ्या कलेशी या शहराचा एक विस्मृत धागाही आहे. 'द गून शो' या बीबीसीच्या विनोदी श्रुतिकामालेचा प्रमुख लेखक आणि कलावंत स्पाइक मिलिगन याचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगरच्या लष्करी छावणीतील एका ब्रिटिश कुटुंबात झाला. १९५१ ते १९६० या काळातील या मालेने ध्वनिपरिणामांचा असा अफलातून वापर केला की पुढच्या अनेक विनोदकारांनी त्यापासून धडे घेतले. नारळाच्या करवंट्यांतून घोड्याच्या टापा आणि पत्र्याच्या तुकड्यातून मेघगर्जना निर्माण करणारी श्रुतिका हा म्हणूनच शाळेसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समृद्ध प्रकल्प ठरतो. त्याला कॅमेराही लागत नाही.

चित्राचे व्याकरण

चित्रीकरणाचा पाया प्रकाश. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी किंवा सायंकाळी तोच चेहरा उजळ दिसतो. उन्हातच काम करावे लागले, तर थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्याने प्रकाश चेहऱ्यावर परतविता येतो. मोठ्या चित्रपटांच्या सेटवरही हाच पत्रा वापरला जातो.

त्यानंतर येतो काळाचा हिशेब. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. म्हणून येथे सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा पन्नासावा भाग ही जोडी सोयीची पडते. ती चुकली की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या किती तरी जणांना हे पट्टे कोठून येतात, हे ठाऊक नसते. पंधरा वर्षांच्या मुलाला ते भौतिकशास्त्राच्या तासाला कळू शकते.

तिसरी गोष्ट मांडणीची. दूरदृश्य जागा सांगते, मध्यमदृश्य कृती सांगते आणि समीपदृश्य भावना सांगते. बाजारात भाजी विकणाऱ्या आजींवर दोन मिनिटांचा लघुपट करताना केवळ चेहराच दाखवीत राहिल्यास बाजार हरवतो. केवळ गर्दी दाखविल्यास आजी हरवतात. दोन व्यक्ती बोलत असताना त्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा, हाही असाच जुना नियम. तो मोडला की दोघे एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो.

संयमाचा धडा द्यायचा असेल, तर शेजारच्या नाशिक जिल्ह्याकडे पाहावे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीचे चित्र रोज थोडे थोडे टिपले. पडद्यावर काही क्षणांत दाण्याचा वेल झाला आणि भांडवल देणाऱ्याचा फाळक्यांवर विश्वास बसला. आज कोणत्याही शाळेत, खिडकीत ठेवलेली मटकी आणि हलणार नाही असा बांधलेला एक मोबाइल एवढ्यावर हा प्रयोग करता येतो. जीवशास्त्र, चित्रकला आणि चिकाटी यांचा एकत्रित तास म्हणजे हा प्रयोग.

संकलन म्हणजे विचार

चित्रीकरण झाले की काम संपले, असे मुलांना वाटते. वास्तविक विचाराला तेथूनच सुरुवात होते. एका मिनिटाच्या चित्रफितीत १५०० चित्रे असतात. त्यांतील काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय निबंध लिहिण्याइतकाच कठीण असतो. म्हणून चित्रीकरणापूर्वी कागदावर संहिता आणि दृश्यांची रेखाटने करण्याचा आग्रह चांगले शिक्षक धरतात. जे कागदावर स्पष्ट नाही, ते पडद्यावर स्पष्ट होत नाही.

याच टप्प्यावर या शिक्षणाचे नागरिकशास्त्र सुरू होते. तासभराच्या मुलाखतीतील एक वाक्य पुढे-मागे केले की त्याचा अर्थ उलटा होतो, हे ज्याने स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे, त्याला समाजमाध्यमांवर फिरणारी प्रत्येक चित्रफीत खरी वाटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने न बोललेले शब्दही कोणाच्या तोंडी घालता येऊ लागले असताना ही सावधगिरी म्हणजे चैन राहिलेली नाही. एखाद्या अफवेने गावातील सलोखा एका रात्रीत बिघडू शकतो. तेथे ही चित्रफीत कोणी, कोठे, केव्हा आणि का काढली, असे विचारणारी दहा मुले असणे मोलाचे.

जिल्हा हाच स्टुडिओ

शिकण्यासाठी विषय लागतात आणि त्यांची या जिल्ह्यात वाण नाही. पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडणारे हिवरे बाजार, गावरान बियाण्यांची बँक उभारणाऱ्या अकोले तालुक्यातील कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे, कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य, नगरचे रणगाडा संग्रहालय, मेंढपाळांचे वाडे, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, यांपैकी प्रत्येक विषय पाच मिनिटांच्या माहितीपटाला पुरून उरेल. राहीबाई पोपेरे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार या दोघांच्या नावांची पद्मश्रीसाठी घोषणा २०२० मध्ये झाली. त्यांच्यावर बाहेरच्या पत्रकारांनी पुष्कळ चित्रीकरण केले. शेजारच्या शाळेतील मुलांनी केलेला माहितीपट वेगळा असेल, कारण त्यांना बियाण्यांची नावे गावच्या बोलीत ठाऊक असतात.

बोलीचा हा मुद्दा गौण नव्हे. वर्गात चुकीची ठरविली जाणारी भाषा ध्वनिमुद्रणात मात्र मौल्यवान दस्तऐवज ठरते. जात्यावरच्या ओव्या, पोतराजाची हाळी, लोहाराच्या भात्याचा आवाज, आदिवासी पाड्यावरची गाणी हे सारे जाणणारी पिढी थकत चालली आहे. शाळेने दरवर्षी दहा ज्येष्ठांचे बोलणे नीट मुद्रित करून, नाव, गाव, तारीख यांसह जतन केले, तर दहा वर्षांत शंभर आवाजांचा संग्रह होईल. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवयही त्यातूनच लागेल.

तयार झालेले ऐकविण्यासाठीही मार्ग आहेत. आकाशवाणीचे केंद्र नगरमध्ये आहे. स्नेहालय संस्थेने 'रेडिओ नगर' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालविले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे उघडण्याची मुभा मिळाली आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून व्हावेत, अशी अट घातली गेली. शाळांच्या श्रुतिका आणि मुलाखती या अटीत सहज बसतात. कोरोनाकाळात २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका मुलांच्या घरी पोहोचली, तेव्हा शिक्षणासाठी कार्यक्रमनिर्मिती जाणणारी माणसे किती आवश्यक आहेत, हे सर्वांना पटले. मात्र, शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यासाठीच १९८४ मध्ये स्थापन झालेली पुण्याची 'बालचित्रवाणी' त्याआधीच, २०१७ मध्ये, बंद झाली होती.

संमती आणि हक्क

कॅमेरा हाती देण्याआधी शिकवावयाची बाब म्हणजे परवानगी. ज्याचे चित्रीकरण करावयाचे त्याला हेतू सांगणे, नको म्हटल्यास कॅमेरा खाली ठेवणे आणि अल्पवयीन मुलांबाबत पालकांची लेखी संमती घेणे, हे नियम प्रत्येक वर्गाने पाळलेच पाहिजेत. अत्याचारग्रस्त किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. गावातील एखाद्या घटनेवर उत्साहाने माहितीपट करू पाहणाऱ्या मुलांना हे आधीच माहीत असले पाहिजे.

दुसरी बाब संगीताची. लोकप्रिय गाणे पार्श्वभूमीला लावणे मुलांना सहज वाटते. शाळेतच, शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ चा कॉपीराइट कायदा सवलत देतो. तीच चित्रफीत इंटरनेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांवरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतात. यातून निघणारा मार्ग आनंदाचा आहे. शाळेतील हार्मोनियम, तबला, हलगी किंवा मुलांचे स्वतःचे गाणे मुद्रित करावे. हक्काचा प्रश्न मिटतो आणि संगीताचा तासही होतो.

अडचणींचा डोंगर

अर्थात वाट सरळ नाही. पहिली अडचण शिक्षकांची. व्यवसाय विषयांसाठीचे प्रशिक्षक बहुधा कंत्राटी असतात. ते बदलले की वर्ग विस्कळीत होतो. शिवाय माध्यमक्षेत्रातला जाणकार शहरात मिळतो, तालुक्याच्या गावात क्वचित. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या माध्यम विभागांतील विद्यार्थ्यांनी आसपासच्या शाळांत कार्यशाळा घेतल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल. त्यांनाही शिकविण्याचा अनुभव मिळेल.

दुसरी अडचण साधनांची. येथे मोबाइलने परिस्थिती बदलली आहे. एक बरा मोबाइल, कॉलरला लावायचा तारेचा माइक, एक ट्रायपॉड आणि एक संगणक एवढ्यावर गट काम करू शकतो. साधनांपेक्षा ती कपाटात कुलूपबंद राहणे हा अधिक जुना रोग आहे. वस्तू बिघडली तर भरपाई कोण देणार, या भीतीने अनेक प्रयोगशाळांतील उपकरणे वेष्टनातच जुनी होतात.

तिसरी अडचण गुणांची. दहावीच्या वर्षात पालकांना टक्केवारी दिसते. तीन तासांच्या लेखी परीक्षेने या विषयाचे मूल्यमापन होऊ शकत नाही. विद्यार्थ्याने केलेले काम, त्याची टिपणवही आणि गटातील त्याचा वाटा पाहावा लागतो. ते परीक्षकाला वेळखाऊ असले, तरी त्याला पर्याय नाही.

चौथी अडचण सहसा बोलली जात नाही. गटात कॅमेरा मुलाच्या हाती आणि सूत्रसंचालन मुलीकडे, अशी वाटणी आपोआप होते. प्रत्येक प्रकल्पात कामे आळीपाळीने बदलण्याचा साधा नियम केला, तर माइकची पातळी पाहणारी, कॅमेरा चालविणारी, संकलन करणारी मुलगी दिसू लागेल. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या 'माणदेशी तरंग' रेडिओने आणि तेलंगणातील 'संघम' रेडिओने ग्रामीण स्त्रिया हे तंत्र समर्थपणे हाताळतात, हे केव्हाच सिद्ध केले आहे.

सगळेच दिग्दर्शक होणार नाहीत

या शिक्षणाकडे केवळ चित्रपटसृष्टीचे दार म्हणून पाहिल्यास निराशा पदरी येईल. वर्गातील चाळीस मुलांपैकी एखादेच त्या वाटेने जाईल. काही जण लग्नसमारंभांचे चित्रीकरण, स्थानिक वृत्तवाहिन्या, जाहिराती, शेतीविषयक चित्रफिती यांतून उत्पन्न मिळवतील. ती कामे तालुक्याच्या गावातच उपलब्ध आहेत. उरलेल्यांचे काय? त्यांना आपली बाजू दोन मिनिटांत, पुराव्यासह मांडता येईल. कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत येत नाही, हे ग्रामसभेत तोंडी सांगणे आणि तारखेसह चित्रित करून दाखविणे यांत फरक आहे.

वाचणे-लिहिणे ज्यांना येत नव्हते, त्यांच्या वतीने एके काळी इतरांनी लिहिले आणि अनेकदा सोयीचे तेच लिहिले. आज पडद्याच्या बाबतीत तीच स्थिती आहे. प्रत्येक खिशात पडदा आहे. पण त्यावर दिसणारे बहुतेक जग दुसऱ्याने रचलेले आहे. शाळेत जाऊ न शकलेल्या मुलाची कथा नगरच्या एका महाविद्यालयातून राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली, कारण ती सांगणाऱ्याला ते जगणे आतून ठाऊक होते आणि ते सांगण्याचे साधनही त्याच्या हाती आले होते. जगणे ठाऊक असलेली मुले जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत बसलेली आहेत. साधन त्यांच्या हाती दहावीपूर्वी पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.